शालूवहिनींचं राहून गेलेलं गाऱ्हाणं

हे लिहायचं, निदान कुणाजवळ तरी बोलायचं, मी बरीच वर्षं टाळलं. कधी वाटायचं, घरात आजारपण आहे, आत्ता नको. कधी वाटायचं, सणासुदीला हा विषय कशाला... आणि काहीच कारण सापडलं नाही की मी पेपर उघडून बसायचो. मागच्या महिन्यात एका सकाळी पुतण्याचा, महेशचा फोन आला. ‘‘काका, आई गेली.’’ मी घाटकोपरला राहतो, तो मुलुंडला. चप्पल पायात सरकवून दाराशी उभा राहिलो आणि डोक्यात पहिला विचार आला तो असा, की आता हे सांगायचं कोणाला? मोठी वहिनी गेल्याचं कळल्यावर माणसाच्या मनात असलं काही यावं, याची मला तेव्हाही लाज वाटली, आजही वाटते.

शालूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. अण्णा आधी गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला एका छोट्या कारखान्यात चिकटला आणि तिथेच पूर्वेला त्यांनी घर केलं. वहिनींना नातवंडं झाली ती महेशचीच, पण मजल्यावरची सगळी पोरं त्यांना आजीच म्हणायची. या बाईत असं काय होतं की लोक आपल्या मनातलं तिला सांगून मोकळे होत, याचं मला पहिल्यापासून कुतूहल होतं. त्या फार प्रेमळ वगैरे बोलत नसत. उलट टोचूनच बोलत. पण त्या विचारत. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसत. आमच्या घरात हे दुसऱ्या कुणालाच जमलं नाही.

त्यांच्या विचारण्याचा खरा हंगाम गणपतीच्या आधी. आमच्या मालवणी घरांत गणपतीपुढे गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा पुरुष हात जोडून उभा राहतो, ‘‘बा देवा म्हाराजा’’ म्हणून सुरुवात करतो आणि घरातल्या एकेकाचं मागणं मोठ्यानं देवाच्या कानावर घालतो. दर मागण्याला बाकीचे एका सुरात ओरडतात, ‘‘व्हय म्हाराजा!’’ सुरुवात-शेवट ठरलेला, मधला मजकूर मात्र दरवर्षी नवा. अण्णाला प्रवास झेपेना, तेव्हापासून आम्ही गावच्या घरी विचारून गणपती मुलुंडला आणू लागलो. गाऱ्हाणं घालायचा अण्णा, पण मजकूर सगळा वहिनींचा. त्या आठवडाभर आधीपासून ओट्यापाशी एकेकाला गाठायच्या. ‘‘तुझा काय सांगूचा देवाक?’’ नातवाला मोटारसायकल हवी होती. वहिनींनी ते देवाला असं कळवलं, की गाडी नाय दिलंस तरी चलात, पण ह्येचे पाय धड ठेव. नात सायली म्हणाली, ‘‘आजी, मला एवढंच पाहिजे, की पप्पांनी लग्नाचं विचारणं बंद करावं.’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘तां मी देवाक सांगतंय. बापाशीक तुझ्या तू सांग.’’ समोरच्या हंसाबेनचा मुलगा परदेशी जायच्या खटपटीत होता. त्यांनी दारातूनच विचारलं, ‘‘शालूबेन, तुमच्या महाराजना गुजराती चालते ना?’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘चालता. पण व्हिसा देवाच्या हातात असा की नाय, ता माका म्हायत नाय.’’ तरी हंसाबेनचं मागणं गाऱ्हाण्यात गेलंच.

अण्णा गेला. वर्ष सरल्यावर गणपती आले तेव्हा प्रश्न उभा राहिला, आता गाऱ्हाणं कोण घालणार? गणपती त्याच्या घरी, तेव्हा रीतीप्रमाणे महेशनं घालायचं. पण मुलुंडमध्ये वाढलेला मुलगा, त्याचं मालवणी ‘खय’ आणि ‘काय’च्या पुढे जात नाही. तो सरळ म्हणाला, ‘‘काका, माझी वाट लागेल. आईच घालेल ना, तिला सगळं येतं.’’ वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘भावजी, यंदा मी घालू?’’ एवढंच. आवाजात हट्ट नव्हता, पण निवडायचे तांदूळ तसेच हातात राहिले होते. मी म्हणालो, बाईमाणसानं गाऱ्हाणं घातल्याचं आपल्यात कधी ऐकलं नाही, गावी दाजीकाकांना विचारतो. दाजीकाका आमचे थोरले काका, गावच्या घरातले शेवटचे वडीलधारे. त्यांचा शब्द सगळ्यांना मान्य असे.

मी खरंच फोन केला. खाली सोसायटीच्या फाटकाशी उभं राहून केला. दाजीकाका मोठ्यानं हसले. ‘‘अरे घालूंदे की तिका! देवाक मालवणी कळता मा? मगे झाला.’’ वर आणखी म्हणाले, ‘‘तिका सांग, पुढच्या खेपेक हय येऊन घाल म्हणान.’’ मी फोन ठेवला, जिना चढलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ‘‘काका नाही म्हणाले.’’

का सांगितलं? या प्रश्नाशी मी कितीतरी दुपारी बसलो आहे. रीतीभातीचं मला काही पडलं नव्हतं, मी ऑफिसात जन्म काढलेला माणूस. खरी गोष्ट साधी आणि हलकी आहे. मला ते स्वतःला घालायचं होतं. लहानपणापासून मी अण्णाच्या मागे उभा राहून ‘‘व्हय म्हाराजा’’ ओरडत आलो होतो. कधीतरी आपणही पुढे उभं राहावं आणि घरानं आपल्या शब्दाला होकार द्यावा, अशी इच्छा म्हातारपण आलं तरी माझ्यात होती. न्हाणीघरात नळ सोडून मी ‘‘बा देवा म्हाराजा’’ म्हणून बघत असे. ती संधी समोर आली आणि मी दुसऱ्याच्या तोंडी नकार घालून ती घेतली.

वहिनींनी तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘बरा. मगे तुमी घाला. मी सांगतंय काय काय ता.’’ त्या वर्षी मी घातलं. सायलीचं सांगितलं, नातवाचं सांगितलं आणि हंसाबेनपाशी येऊन साफ विसरलो. सगळे हात जोडून थांबलेले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘‘व्हिसा!’’ आणि सगळं घर ओरडलं, ‘‘व्हय म्हाराजा!’’ हंसाबेनसुद्धा. पोरं हसून लोळली. वहिनीही पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी बघत होतो, यांना राग आला असेल का? दिसला तर नाही. त्यानंतर दरवर्षी मी पुढे आणि त्या आत, असंच चालू राहिलं, आणि घरात ते इतकं अंगवळणी पडलं की कुणाला त्यात काही वावगं वाटेना. मलाही वाटेना, हे जास्त वाईट.

तिकडे गावी दाजीकाका दर फोनला विचारत, ‘‘शालू येवची नाय?’’ मी सांगायचो, तिला प्रवास झेपत नाही. इकडे वहिनी दाजीकाकांचं नाव काढलं की विषय बदलायच्या. काका आजारी पडले तेव्हा आम्ही सगळे जाऊन आलो, वहिनी आल्या नाहीत. काका गेले तेव्हाही आल्या नाहीत. नातेवाईक म्हणाले, मुंबईत राहून बाईला शिंगं फुटली. मी तिथेच बसलो होतो. चहा पीत होतो.

वहिनींचे दिवस झाल्यावर एका संध्याकाळी सायलीनं मला विचारलं, ‘‘धाकटे आजोबा, तुम्ही इतकी वर्षं गाऱ्हाणं घातलंत ना? त्यात आजीचं स्वतःचं काय असायचं?’’ मी आठवू लागलो. सगळ्यांची मागणी आठवली, अगदी वॉचमनच्या गुडघ्याचीसुद्धा. वहिनींचं एकही आठवेना. कारण त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. मग मात्र मला चैन पडेना. या बाईला हवं तरी काय होतं? महेशला विचारलं. तो म्हणाला, ‘‘आईला काय हवं असणार, काका?’’ त्याच्या बायकोला विचारलं, तिनं मिक्सरचं काहीतरी सांगितलं. शेवटी समोरच्या दारी गेलो. हंसाबेननी बसायला खुर्ची दिली आणि जराही विचार न करता सांगितलं, ‘‘गावी जायचं होतं तिला. एकटीला. कोणी सोडायला नको, कोणी आणायला नको. विहिरीपाशी अबोली लावायची, महिनाभर राहायचं, असं रोज सांगायची ती मला.’’ मी विचारलं, मग गेल्या का नाहीत? हंसाबेन म्हणाल्या, ‘‘मी पण बोलली, जा ना. तर बोलते, ज्या घरानं मला देवासमोर बोलू दिलं नाही, तिथे कशाला जाऊ?’’

मी खुर्चीवरून उठलो ते आठवतं. बाकी काही आठवत नाही.

मी त्यांचं एक गाऱ्हाणं घेतलं, असाच हिशेब इतकी वर्षं मनात धरून होतो. गाव घेतला, हे मला माहीतच नव्हतं. हे लिहायच्या आधी मी महेशला समोर बसवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘दाजीआजोबा हो म्हणाले होते, हे कळलं असतं ना काका, तर आई दुसऱ्या दिवशी गाडीत बसली असती.’’ निघताना त्यानं मला नेहमीसारखं खालपर्यंत सोडलं नाही. ते बरोबरच आहे. आता नातेवाइकांनीही हे वाचावं, म्हणून इथे लिहितो आहे. दाजीकाका मोठ्या मनाचे होते आणि वहिनींना शिंगं फुटलेली नव्हती.

वहिनी जायच्या काही दिवस आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो. या वेळी बोलायचंच, असं ठरवून गेलो होतो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो, शेजारचा माणूस माझ्याकडे बघत होता. त्यांचा पलंग हॉलमध्ये आणला होता. आवाज बारीक झालेला, पण शुद्ध पूर्ण होती. सायली आत चहा करत होती. मी स्टूल ओढून बसलो. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘भावजी, काय तरी सांगूचा असा तुमका.’’ त्या विचारत होत्या की त्यांना कळलंच होतं, ते मला आजतागायत उमगलेलं नाही. आणि मग नेहमीसारख्या गप्प बसल्या, माझ्या उत्तराची वाट बघत...

मी म्हणालो, ‘‘कुठे काय, वहिनी. तुमची तब्येत बघायला आलो.’’

त्या तरीही थोडा वेळ थांबल्या. मग डोळे मिटून म्हणाल्या, ‘‘पंखो वायच कमी करा.’’ मी उठून पंखा कमी केला. परत येऊन बसलो तेव्हा त्यांचा डोळा लागला होता. सायलीनं आणलेला चहा मी घेतला, कप आत नेऊन ठेवला आणि त्यांना न उठवता निघालो. बसमध्ये जुळवलेली वाक्यं तशीच राहिली होती. फार नव्हती.

वहिनी, त्या दिवशी मी दाजीकाकांना फोन केला होता. ते हो म्हणाले होते. गावी या, असंही म्हणाले होते. मी तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा.