उघडायच्या आधी सांगते

नर्मदामावशी दुरुस्तीला आलेलं कुठलंही यंत्र आधी हुंगायची. मिक्सर असो, इस्त्री असो, रेडिओ असो. दोन्ही हातांनी नाकाजवळ धरायची, डोळे मिटायची आणि मगच पहिला प्रश्न विचारायची. नवी गिऱ्हाइकं हसायची. "माताजी, मछली नहीं है," असं एकजण म्हणाला, तेव्हा तिने मान वर न करता उत्तर दिलं, "मछली होती तो झूठ नहीं बोलती. तेरा मिक्सर साबून के पानी में गिरा है, और तू बोलता है अपने आप बंद हुआ." मिक्सर मोरीत पडलेलाच होता.

केबिन रोडला आमचे गाळे शेजारी शेजारी होते. माझं झेरॉक्स काढण्याचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान, तिचं दुरुस्तीचं. ती चौक गावची कोळीण. तरुणपणी सकाळी मासळी विकायला यायची आणि पाटी रिकामी झाली की बस येईपर्यंत याच गाळ्यातल्या रेडिओ मेकॅनिककडे टेकायची. त्याची गिऱ्हाइकं वासाने नाक मुरडायची. शेवटी त्यानेच तिच्या हातात सोल्डरिंग आयर्न दिलं. "याच्या धुरात मासळी कळत नाही," म्हणाला. तो थकला तेव्हा टेबल तिच्याकडे आलं, आणि पुढची पंचवीस वर्षं ते तिचंच होतं.

तिच्यासमोर एक शब्द चालत नसे. कोणी "मावशी, हे मेलंय हो" म्हणत टेबलावर काही ठेवलं, की ती ते परत सरकवायची. "मेलेलं मला काय दाखवतेस? मसणात ने. बंद हाय म्हण, मग बघते."

साठी ओलांडल्यावर तिला काचबिंदू झाला. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन झालं असतं; हा गेलेली नजर परत देत नाही. समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. करंट तपासायच्या मीटरचे आकडे मी जाऊन वाचून देत असे. सोल्डरिंग ती बोटांनी चाचपून करायची. मग एकदा तिने कुणाच्या तरी टीव्हीत चुकीच्या जागी टाका दिला आणि टीव्ही कामातून गेला. गिऱ्हाईक भररस्त्यात ओरडलं. ते तिचा मुलगा विलास याच्या कानावर गेलं. विलास बर्फाच्या कारखान्यात कामाला, सरळ माणूस. आई या नजरेने रोज चौकहून बस बदलत येते, याची त्याला धास्ती होतीच. तो दर रविवारी येऊन तेच तेच सांगू लागला.

"आई, बास कर आता. तुझा अंदाज चुकतोय."

"डोळा चुकला. अंदाज न्हाय चुकला."

"टीव्ही जळला ना?"

"तुझ्या बापानं दोन होड्या खडकावर घातल्या. त्याला कुणी घरी बसवला?"

याच सुमारास मी एक जुना व्हिडिओ गेम विकत घेतला. कॅसेट घालायचा, आमच्या लहानपणीचा. आमच्या घरी तसा होता, पण माझ्या भावाने मला त्याला कधी हात लावू दिला नव्हता. "मुलींना जमत नाही," हे त्याचं कारण. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, स्वतःच्या कमाईतून, मी स्वतःचा घेतला. मीरा रोडच्या एका कुटुंबाने घर बदलताना विकायला काढला होता. चालू आहे, पण अडॅप्टर हरवलाय, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

मी घरी आणला आणि वायफायच्या डब्याचा अडॅप्टर काढून त्याला लावला. पिन बरोबर बसली. बटण दाबलं, टक् असा आवाज झाला, बारीक धूर आला आणि संपलं. पुढे मावशीनेच समजावलं की अशा जुन्या गेममध्ये पिनेच्या आतल्या बाजूला मायनस असतो आणि वायफायवाल्यात प्लस. पिन सारखी, करंट उलटा. पण त्या दिवशी मला एवढंच कळलं की दिवसभर लोकांना "सूचना वाचता येत नाहीत का?" असं दरडावणाऱ्या बाईने सूचना वाचली नव्हती. गेमच्या पाठीवरच ती छापलेली होती.

मी गेम पिशवीत घालून मावशीच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बघा हो, विकणाऱ्याने बंदच गळ्यात मारलाय."

तो रविवार होता. विलास स्टुलावर बसलेला. "गाळ्याची चावी माझ्याकडे दे," हे त्याचं आईला तिसऱ्यांदा म्हणून झालेलं. मावशीने माझी पिशवी पुढे ओढली.

"अंदाज चुकतोय म्हणतोस ना? ही बघ. उघडायच्या आधी सांगते काय गेलंय. चुकले तर चावी तुझी. ही सुलभा साक्षीला हाय."

"नक्की?" विलासने विचारलं.

"कोळणीचा शब्द हाय."

तिने गेम हुंगला. फिरवून पुन्हा हुंगला, पिनेच्या भोकापाशी जास्त वेळ. मग माझ्याकडे तोंड केलं. "जळलंय गो. उलटा करंट गेलाय. दुसरा कुठला अडॅप्टर लावलास?"

मी म्हणाले, "नाही."

"बघ, आठव."

"नाही हो मावशी. जसा आणला तसा दिला. जुनाच वास असेल."

तिने पिनेच्या भोकावरून बोट फिरवलं. मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. पण विलास बघत होता, दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि मला माझा आब सांभाळायचा होता. मावशीने गेम खाली ठेवला. "मग स्विच. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत स्विच सडतात."

तिने पाच स्क्रू चाचपून काढले. स्विचवर खरंच हिरवट थर होता. तिने स्पिरिटने तो पुसला, मी मीटर धरला, स्विच ठीक निघाला. तिने जुन्या अडॅप्टरांच्या खोक्यातून योग्य तो काढला, लावला, बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. नाही.

विलासने तळहात पुढे केला. मावशीचा हात कमरेच्या चावीकडे गेला आणि ती गाठ सोडू लागली. तिने वाद घातला असता तर कदाचित मी गप्प राहिलेही असते. ती मुकाट्याने गाठ सोडत होती, ते मला बघवेना.

"मी लावला होता," मी म्हणाले. "वायफायचा. धूर पण आला होता. चालू मशीन मीच जाळली."

विलास माझ्याकडे बघत राहिला. "काकू, खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय? आईला वाचवायला?"

एकदा खोटं बोललेल्या बाईचं म्हणणं कोण कशाला खरं धरेल? मावशीनेच उघडा गेम उचलून मुलाच्या नाकाखाली धरला. "तिला इचारू नको. कोळ्याचा पोर हाय ना तू? हुंग."

त्याने हुंगलं. मग वाकून एकेक भाग हुंगत गेला आणि बोट ठेवलं. "इथे. जळलंय."

"तीन पाय हायत का त्याला?"

"आहेत."

"रेग्युलेटर. घराला जसा दरवान, तसा तो. उलटा करंट आला की पहिला तोच जातो." तिने डब्यातून नवा काढला, तीन पाय बोटांनी मोजले, जुना उपटला. सोल्डरिंग करताना तिच्या डाव्या अंगठ्याला चटका बसला. विलास पुढे झाला तसा तिने कोपराने त्याला मागे ढकललं. शेजारचा फुगलेला कपॅसिटरही तिने बदलला. बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"काय सांगितलं होतं मी पहिल्यांदा?" तिने मुलाला विचारलं.

"उलटा करंट."

"मग?" तिने चावीची गाठ पुन्हा घट्ट मारली. विलासने हात खिशात घातला.

तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं हसेल. "डोळे देवानं नेले, त्याला मी काय करणार? नाक तू नेत होतीस गो." त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मीटरचे आकडे रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून वाचून घ्यायची. नवव्या दिवशी मी न विचारता जाऊन मीटर हातात घेतला. तिने फक्त "मोठ्यानं वाच" म्हटलं. माफ केलं असं ती कधीच म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

पुढे सव्वा वर्ष टेबल चाललं. विलासने विषय काढला नाही. उलट रविवारी तिला न्यायला रिक्षा घेऊन यायला लागला. मग एका सकाळी मी दुकान उघडलं तर मावशी फळ्या रिकाम्या करत होती. आदल्या दिवशी तिने एका इस्त्रीची वायर उलटी जोडली होती. करंट थेट पत्र्यावर. गिऱ्हाइकाला देण्याआधी तपासताना तिचं तिलाच कळलं. दुसऱ्या कुणालाही कळलं नव्हतं, कळण्यासारखंही नव्हतं.

"सापडलं ना तुम्हाला?" मी म्हणाले. "मग कशाला बंद करताय?"

"या वेळी सापडलं. गेम बंद पडला तर कुणी मरत न्हाय. इस्त्रीनं मरतं."

तिने प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्या फोनवरून फोन केला. चालू झालेली यंत्रं दिली, न झालेली परत केली आणि कुठे काय गेलंय ते प्रत्येकाला सांगितलं. चार दिवस लागले. मग विलासला टेबल न्यायला बोलावलं. तो टेम्पो घेऊन आला, पण टेबलाला हात लावेना.

"आई, मी काही म्हणालो नाहीये. तुला वाटलं तर अजून वर्षभर चालव. मी रोज सोडायला येतो."

"बंद कर म्हणालास तेव्हा चालवलं," ती म्हणाली. "आता चालव म्हणतोस, तर बंद करते. त्या बाजूनं उचल. पाय हलतोय त्याचा."

त्याने उचललं. शटर तिने स्वतः ओढलं, कुलूप स्वतः लावलं आणि चावी त्याच्या हातात न देता समोरच्या गल्लीत गाळामालकाकडे निघाली. मी हात धरायला पुढे झाले. तिने तो झटकला, भिंतीला बोटं लावली आणि एकटी गेली.