हे पाहिलं कोणी?

माझ्या वहिनीला, दाफिनाला, साध्या गप्पा मारता येत नाहीत. मी बेकरीत चीज भरलेल्या बानित्सासाठी पातळ पोळ्या लाटत असते, ती शाळेतून येते, खुर्चीत बसते, आणि मी गावातली एखादी ताजी बातमी सांगायला तोंड उघडलं की हिचं सुरू.

"वन्सं, पाहिलंत की ऐकलंत?"

"अगं, सगळं गाव सांगतंय!"

"गाव म्हणजे कोण? नाव सांगा. आणि तो तेव्हा उभा कुठे होता?"

असा राग येतो! बातमीची पार माती करून टाकते. पण तिचा इलाज नाही. आमच्या डोंगरातल्या शाळेत ती सातवीला गोष्टी उलगडायला शिकवते. पात्रं कोण, घडतं कुठे आणि केव्हा, संघर्ष कशावरून, तो शिगेला कुठे पोचतो, आणि निवेदक कोण. हे शेवटचं तिचं फार लाडकं. आमची बल्गेरियन भाषाही तिच्याच बाजूची आहे. आमच्याकडे क्रियापदच चुगली करतं. डोळ्यांनी पाहिलं असेल तर 'आला', नुसतं कानावर आलं असेल तर 'आला म्हणे'. ते 'म्हणे' गाळलं की माणूस थेट साक्षीदार.

आता गंमत बघा. दिव्याखाली अंधार तो हिच्याच घरात. माझे बाबा मानोल आणि तिचे वडील स्पास, दोघे व्याही, हिच्या लग्नापासून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. बाबा दिसले की स्पास रस्ता ओलांडतात, आणि स्पास चर्चमध्ये असले की बाबांना अचानक मेंढ्या आठवतात. दाफिनाची मुलगी एलित्सा याच मे महिन्यात शाळा संपवत होती. शाळा संपलेल्या पोरांचा निरोप म्हणजे आमच्याकडे अर्धं लग्नच. अंगणात टेबलं, सनई, सगळं गणगोत, मग नटलेली पोरं गाड्यांतून एक ते बारा, इयत्तांचे आकडे बेंबीच्या देठापासून ओरडत गावभर फिरतात. एलित्साने आईला बजावलं होतं, "दोन्ही आजोबा अंगणात नसतील, तर मी मैत्रिणीच्या घरून निघेन."

दाफिनाने दोघांचे पाय धरायचे बाकी ठेवले. बाबा म्हणाले, "तो येणार असेल तर मी रानात जातो." स्पास म्हणाले, "तो असेल तर मला ताप येणार." पोरगी आपल्या अंगणातून जाणार नाही, या विचाराने वहिनी माझ्या पिठाच्या पोत्यावर बसून रडली. मला तर दोन्ही म्हाताऱ्यांना भट्टीत घालावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात तिने वर्गाला काम दिलं होतं. गावातली एक खरी गोष्ट निवडा आणि उलगडा. कार्ट्यांनी निवडलं काय? व्याह्यांचं भांडण! मी असते तर एकेकाला दाराबाहेर उभं केलं असतं. दाफिना कानापर्यंत लाल झाली, पण म्हणाली, "करा. नीट करा." पोरं गावभर विचारत सुटली. माझ्याकडेही आली.

मग गुरुवारी मी शाळेत पावांचं ताट घेऊन गेले आणि वर्गाच्या दारातच थांबले. पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

फळ्यापाशी बिसेरा उभी होती, वर्गातली सगळ्यात आगाऊ पोरगी. "पात्रं, दोन व्याही. स्थळ, लग्नाचं अंगण. संघर्ष, राकिया. स्पासआजोबा म्हणाले म्हणे, की दारूत पाणी घातलंय. त्यावर मानोलआजोबा म्हणाले म्हणे, की भिकारड्याला फुकटची दारूही गोड लागत नाही."

वर्ग खो खो हसला. दाफिना हसली नाही. "निवेदक कोण?"

बिसेरा हळूच म्हणाली, "बाई, निवेदकच सापडत नाही."

"म्हणजे?"

"आम्ही सगळ्यांना विचारलं. वाजंत्री, पाद्री, तिंकामावशी. सगळे 'म्हणाले म्हणे' असंच सांगतात. 'म्हणाले' असं कोणीच म्हणत नाही."

तिंकामावशी म्हणजे मी. खरंच की! शंभरदा ही गोष्ट सांगितली मी, आणि लग्नात त्या वेळी मी तर बाहेर रस्त्यावर नाचत होते.

मागून एक पोरगा ओरडला, "मग हे पाहिलं कोणी?"

दाफिनाने खडू टाकला आणि धावत सुटली. अंगात कोट नाही, पायात वर्गातल्या सपाता. मागे अख्खी सातवी, आणि त्यांच्या मागे मी, पावांच्या ताटासकट!

बाबा चौकात फासे खेळत होते.

"बाबा, लग्नात माझे वडील काय बोलले?"

"गावाला विचार."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"राकियात पाणी आहे म्हणाला म्हणे, तो—"

"म्हणे!" पोरांनी एकच गिल्ला केला. बाबांच्या हातातले फासे उडाले.

"तुम्ही स्वतः नाही ऐकलंत?"

"मी... मी मागे कोकरू भाजत होतो. पण म्हणून काय..."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. उतारावरून आम्ही धडधडत स्पासांच्या मधमाश्यांच्या पेट्यांपाशी पोचलो. तोच प्रश्न. स्पास गुरकावले, "मला भिकारडा म्हणाला म्हणे—"

"म्हणे!!"

म्हाताऱ्याने टोपी काढली आणि गवतात बसला. तो तेव्हा घोड्याला पाणी पाजायला गेला होता, म्हणजे दोघे समोरासमोर आलेच नव्हते. मग म्हणाला, "दाफिना, मग इतकी वर्षं मी रागावलो होतो कोणावर?"

एवढे प्रश्न विचारणारी बाई, ती त्याच्या शेजारी गवतात बसली. पण शुक्रवारच्या निरोपाला येतो असं काही तो म्हणाला नाही. म्हातारे शेवटी म्हातारेच.

शुक्रवारी अंगण भरलं. एलित्सा निळ्या झग्यात खिडकीशी उभी. बाबा कोकराजवळ, नजर फाटकावर, आणि विचारलं की म्हणायचे, "मी कुठे बघतोय?" सनईवाला ताटकळून तिसऱ्यांदा जेवायला बसला. आणि फाटक वाजलं! स्पास, स्वच्छ दाढी करून, कोटाची सगळी बटणं लावून.

बाबांनी राकियाचा पेला भरला आणि पुढे केला. स्पासांनी घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली, तोंड वाकडं केलं.

"मानोल, यात पाणी आहे."

दाफिना पांढरीफटक पडली. बाबांनी पेला हिसकावून घेतला, स्वतः घोट घेतला, आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असे ओरडले,

"म्हणाला! तो म्हणाला! माझ्या कानांनी ऐकलं मी!"

"मग?" स्पास म्हणाले. "भांडायचं?"

"भांडू की! आता तू रोज ये, रोज भांडू."

दोघे गळ्यात गळा घालून हसायला लागले, का रडायला लागले, ते मी अगदी जवळून पाहूनही मला सांगता येणार नाही. दाफिना पायरीवर बसून मोठ्यांदा रडत होती, आणि एलित्सा झगा सावरत धावत अंगणात येत होती.