कळशीवरचं नाव

रोशनबीला उर्फ नको होतं, एवढीच ही गोष्ट.

पाटसच्या शिवारात तिच्या नवऱ्याची, अयुबची, दीड एकर जमीन. तो वारला, आणि सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची वेळ आली तेव्हा कागदांतून तिघं निघाली. रेशनकार्डावर रोशनबी. मतदार यादीत रोशनबाई. आणि आधारकार्डावर रोशन बी, मधे जागा सोडून. कार्ड काढणाऱ्याला 'बी' हे इंग्रजी अक्षर वाटलं, आणि मान वर न करताच त्याने पुढे 'पुरुष' लावून टाकलं.

तलाठ्याने सोपी वाट सांगितली. "चाची, प्रतिज्ञापत्र करा. रोशन बी उर्फ रोशनबाई उर्फ रोशनबी. अंगठा द्या, मोकळ्या व्हा."

"उर्फ चोरांना असतं, भाऊसाहेब. पेपर वाचत्यात तवा ऐकलंय मी."

"अहो, सगळेच करतात."

"चूक मशीनची, आन् शपथ मी घ्यायची? मी तीन न्हाई. एकच हाय."

"मग नोंद अडून राहील."

"ऱ्हाऊ द्या. रान कुठं पळून चाललंय?"

म्हणाली खरी, पण घरी जाताना बांधावर तिचे पाय थबकले. नाव लागलं नाही तर उद्या कुणीही येऊन विचारील, तू कोण? तेहतीस वर्षं तिने हेच रान खुरपलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती चिंचेने लखलखीत घासलेली कळशी कमरेवर घेऊन चावडीत आली. सोबत बांधशेजारी मच्छिंद्रआप्पा. कळशी तिने टेबलावर दणकन ठेवली.

"वाचा."

गळ्याभोवती तांबटाने ठोकून कोरलं होतं : चि. सौ. कां. रोशनबी हिस मामाकडून, शिरूर.

"सलग हाय का न्हाई?"

"चाची, कळशी काय पुरावा होत नाही."

"मग मी होतो का?" आप्पा पुढे सरकले. "लिवा माझा जबाब. ही अयुबची बायको रोशनबी. आधार निघायच्या आधीपासून हिच्या हातचा चहा पितोय. आन् पुरुष असती तर अयुबनं नांदवली असती व्हय?"

चावडी हसली. तलाठीही हसला, आणि आप्पांचा जबाब लिहून रेशनकार्डावरचं नाव धरायला तयार झाला. "पण आधार दुरुस्त करून आणा."

"आणते की. त्यांची चूक त्यांनीच पुसायची."

त्याने संगणकावर टाइप केलं, 'रोशन', आणि सवयीने अंगठा जागा सोडायच्या खालच्या लांब बटणाकडे वळला.

रोशनबीने बटणावर तळहात आडवा धरला.

"अंगठा उचला, भाऊसाहेब. मधी जागा न्हाई."