तळघरातल्या कपाटातली कार्डं

अमेरिकेत, श्रूजबरी गावात आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी दूर ॲरिझोनात. मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणायचे. एकदा त्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढून दिला, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला बेसबॉल कळतो का?"

"अजिबात नाही."

"मग तुला दाखवायला हरकत नाही."

बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या मागे एक कपाट होतं. त्यात बुटांचे खोके, आणि खोक्यांत त्यांच्या लहानपणची बेसबॉल कार्डं. च्युइंगगमच्या पाकिटात यायची ती, आपल्याकडे क्रिकेटवाल्यांची यायची तशीच. काही त्याहून जुनी, त्यांच्या वडिलांची. प्रत्येक कार्ड ते दोन बोटांनी कडेला धरायचे.

"सगळ्यांना वाटतं, ही आता उरलीच नाहीत. पोरांच्या आयांनी घर आवरताना फेकून दिली. पण आहेत. अशीच, कुणाकुणाच्या घरात, गुपचूप."

"मुलीला माहीत आहे?"

"छे! एकाला कळलं की दहांना कळतं. मग, खूप पैसे येतील, विका म्हणून मागे लागतात."

पुढच्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मुलगी विमानतळावरून थेट हॉस्पिटलात गेली आणि तिथेच अडकली. ती घरी आली तोवर हीटिंगचं ऑइल संपून घर गारठलं होतं आणि पाणी गोठून पाइप फुटला होता. तिनं मला हाक मारली. जिना उतरता उतरता मी तिला कपाटाबद्दल सांगितलं.

फुटलेला पाइप बरोबर कपाटावरून गेला होता. खोक्यांचा लगदा झालेला. कार्डं एकमेकांना चिकटून विटेसारखी घट्ट झाली होती. तिनं नखानं एक सोडवायला पाहिलं, तर खेळाडूचा चेहरा सोलून दुसऱ्या कार्डाच्या पाठीला चिकटून आला. संध्याकाळपर्यंत आम्ही टॉवेल आणि हेअर ड्रायर घेऊन बसलो. एकही धड निघालं नाही.

"कार्डांचं जाऊ दे," ती एकदम म्हणाली. "मी शाळेतून आले की डॅड इथे खाली असायचे, दार आतून लावून. मी वर टीव्ही लावून बसायचे. मला वाटायचं, त्यांना माझा कंटाळा येतो."

मी हेअर ड्रायर बंद केला.

दोन-तीन आठवड्यांनी काकांना हॉस्पिटलातून वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये हलवलं. तिनं मला सोबत नेलं. पलंगाशी बसून तिनं त्यांचा डावा हात हातात घेतला. "डॅड, मी कपाट उघडलं. पाणी शिरलं होतं. काही राहिलं नाही."

ते तिच्याकडे बघत राहिले. घशातून एक आवाज आला, त्याचा शब्द झाला नाही.

"मला एकदा तरी दाखवायचीत ना! मी बसले असते तुमच्याजवळ. मला कार्डं नको होती."

त्यांनी हळूच हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आम्ही निघेपर्यंत ते वळले नाहीत. रागानं की शरमेनं, ते कळायला काही मार्गच नव्हता. बर्फ वितळायच्या आत ते वारले.

त्या भेटीनंतर पार्किंगमध्ये ती बराच वेळ गाडी सुरू न करता बसून होती. काचा आतून धुरकट झाल्या. मग तिनं विचारलं, "तुला त्यांनी सगळी दाखवली होती?"

"हो," मी म्हणाले.

"कशी होती?"

मी सांगायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की मला त्यातला एकही चेहरा आठवत नाही.