हसीनाभाभीनं जोडलेलं मशीन

भोरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत दिलावरभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर रेडिओ आणि टीव्ही असं लिहिलंय, नावही त्यांचंच. पण टेबलाशी बसतात त्या त्यांच्या बायको हसीनाभाभी. वय बावन्न. माहेर सारोळ्याचं. वडील हायवेला पंक्चर काढायचे, त्यामुळं एखादी वस्तू बिघडली की आधी खोलून बघायची, ही सवय लहानपणापासूनची.

बारा वर्षांपूर्वी दिलावरभाईंचा उजवा हात थरथरायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाढणार नाही, पण जाणारही नाही. थरथरत्या हातानं टीव्हीच्या प्लेटवर सोल्डरचा बारीक डाग कसा द्यायचा? मग ते शेजारी बसून सांगायचे आणि भाभी डाग द्यायच्या. दोन वर्षांत सांगायची गरज उरली नाही. पुढं टीव्ही यायचे कमी झाले, तेव्हा भाभी भोरमधल्याच एका क्लासला गेल्या आणि कॉलेजच्या मुलींशेजारी बसून कॉम्प्युटर जोडायला शिकल्या. आज भोरमधल्या कितीतरी घरांत आणि दुकानांत त्यांनी जोडलेली मशीनं आहेत.

दिवाळीच्या आधी हिर्डोशीची अश्विनी त्यांच्याकडे आली. वरंधा घाटाच्या वाटेवरचं हे डोंगरातलं गाव. अश्विनी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी जमिनीचे नकाशे कॉम्प्युटरवर काढते. तिनं गरज नेमकी सांगितली.

"भाभी, एकेक नकाशा उघडायला वीस वीस मिनिटं लागत्यात. मधीच शेतात जावं लागतं, सयपाक असतो. दर येळंला बंद करून परवडत न्हाई. आन् चालू ठेवलं तर इन्व्हर्टर उतरतो."

"मग मशीन झोपवून जायचं, स्लीपवर टाकून," भाभी म्हणाल्या. "नकाशा हाय तसा ऱ्हातो, आन् वीज नावालाच लागती. आली की एक बटण दाबायचं."

भाभींनी चार दिवसांत मशीन जोडलं. अश्विनीचा नवरा हनुमंत टेम्पो चालवतो. तो येऊन सगळं घेऊन गेला.

आठव्या दिवशी अश्विनीचा फोन आला. "भाभी, झोपवलं की दोन मिन्टांत आपलं आपण उठतंय. शेतातनं येऊन बघावं तर पडदा लख्ख."

भाभींनी फोनवरून एकेक गोष्ट बघायला लावली. अपडेटसाठी मशीनला ठरलेल्या वेळी उठवणारी सोय बंद केली. नेटवर्कवरून उठवायची परवानगी काढली. तरी उठतंच. मग त्यांनी अश्विनीला काळी खिडकी उघडून एक हुकूम टाईप करायला लावला. मशीनला शेवटी कुणी उठवलं, ते त्या हुकमानं कळतं. अश्विनीनं उत्तर वाचून दाखवलं. नाव कुठल्याच वस्तूचं नव्हतं. यूएसबीच्या बाजूनं उठवलं, एवढाच अर्थ निघत होता.

"मशीन घेऊन ये," भाभी म्हणाल्या.

अश्विनी मशीनचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं भोरला आली. भाभींनी तो टेबलावर ठेवला, दुकानातला कीबोर्ड, माऊस, मॉनिटर जोडला आणि झोपवला. दोन दिवस तो गाढ झोपून राहिला. बटण दाबलं की उठे, नाहीतर नाही.

न होणारा बिघाड दुरुस्त करणं सगळ्यात अवघड. भाभींनी विचार केला: यूएसबीच्या बाजूनं उठतंय, म्हणजे तिकडं जाणारी वीज कमीजास्त होत असणार. वीज पुरवणारा भाग, त्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, तो त्यांनी बदलून टाकला.

दिलावरभाई खुर्चीतून बघत होते. "जागा बघ की," ते म्हणाले. "हितं झोपतंय आन् तिथं उठतंय, मग डब्यात काय शोधती?"

"तुमच्या टीव्हीसारखं नसतं हे," भाभी तुटकपणे म्हणाल्या. दिलावरभाईंनी पेपर उघडला.

अश्विनी परत येऊन मशीन घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. या वेळी बोलणारा हनुमंत होता.

"भाभी, शिवऱ्याला हायवेवर एक दुकानवाला हाय. त्यो म्हनतो, बाईनं जुनं पार्ट घातलं असतील. म्या काय म्हनत न्हाई, पन त्यो म्हनतो."

भाभींची कानशिलं तापली. इतक्या वर्षांत जुना भाग नवा म्हणून त्यांनी कुणाला दिला नव्हता. पण फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "मी सोमवारी येते."

सोमवारी पिशवीत पेचकस, एक जादा मेमरी, तारा असं भरून त्या सकाळच्या एसटीत बसल्या. गाडी धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं दीड तास चालली. भाताच्या खाचरांत आता नुसती धसकटं उरली होती. खिडकीशी बसून भाभी मनातल्या मनात मशीन पुन्हा पुन्हा खोलत होत्या. मदरबोर्डच खराब निघाला तर? तो मग आपल्या हातून गेला की मुळातच तसा होता, हे कसं कळणार? पहिल्यांदाच त्यांना वाटलं, आपण हे काम उशिरा शिकलो.

अश्विनीचं घर रस्त्यालगत. घराच्या एका अंगाला तिचे सासरे गेनबा यांची भातगिरणी. झोडपणी उरकलेली, त्यामुळं वाडीवाडीचे लोक पोती घेऊन ओट्यावर बसलेले. गिरणी सकाळी सुरू झाली की दिवस मावळेपर्यंत थांबत नव्हती. अश्विनीच्या सासूबाई बाळाबाईंनी भाभींना पाणी दिलं, पण गिरणीच्या आवाजात काय म्हणाल्या ते भाभींना ऐकू आलं नाही.

आतल्या खोलीत मशीन होतं. भाभींनी ते झोपवलं आणि काही न करता समोर बसून राहिल्या. मिनिटभर शांत. मग पंखा फिरला, पडदा उजळला. कुणी बोटही लावलं नव्हतं.

पडद्यावर माऊसचा बाण होता. भाभी चष्मा वर करून पडद्याजवळ गेल्या. बाण जागच्या जागी थरथरत होता, अगदी बारीक. त्यांनी टेबलावर तळहात टेकला. टेबलही थरथरत होतं. टेबल ज्या भिंतीला लावलं होतं तिच्या पलीकडंच गिरणी होती.

"हा माऊस कुठला?" त्यांनी विचारलं.

"माझा जुना. बिनवायरचा. तुमच्याकडं आणला नव्हता, नुसता डबाच आणला," अश्विनी म्हणाली.

भाभींनी बाळाबाईंकडून एक वाकळ मागून घेतली. तिची जाड घडी घालून माऊस तिच्यावर ठेवला आणि मशीन झोपवलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मशीन झोपलेलंच. मग त्यांनी माऊस उचलून टेबलावर ठेवला, हात काढून घेतला आणि पुन्हा झोपवलं. चहाचा दुसरा घोट घ्यायच्या आत पडदा उजळला.

"गिरणी हलवती, टेबल हलतं, माऊसला वाटतं कुणी हात लावला," भाभी म्हणाल्या. "त्यो मशीनला उठवतो."

"म्हनूनच रातीला कदी उठलं न्हाई, गिरणी बंद असती," अश्विनी म्हणाली.

"रातीला तू काय करती?"

"बंदच करते की," असं म्हणून तिनं कपाळाला हात लावला.

भाभींनी यादी उघडली. कुठली वस्तू मशीनला उठवू शकते, याची परवानगी तिथं एकेका वस्तूला असते. माऊसची परवानगी काढली. आता झालं, म्हणून झोपवलं. अर्ध्या मिनिटात मशीन जागं. हनुमंत दारात येऊन उभा राहिला. भाभींनी काळ्या खिडकीत तो हुकूम पुन्हा दिला. उत्तर आलं: कीबोर्ड. पण कीबोर्डला कुणी शिवलं नव्हतं. त्यांनी यादी परत नीट बघितली. कीबोर्ड एकच असताना नावं दोन होती. माऊसचा जो नखाएवढा रिसीव्हर मागं खोचला होता, तो यादीत स्वतःला कीबोर्डही म्हणवत होता. भाभींनी त्याचीही परवानगी काढली, वायरच्या कीबोर्डची तेवढी ठेवली.

मशीन झोपलं. भाभींनी घड्याळ लावलं आणि ओट्यावर जाऊन बसल्या. पोती घेऊन आलेल्या बायकांनी त्यांना डॉक्टरीण समजून गुडघ्याचं औषध विचारलं. दोन तास गिरणी धडधडत होती. अश्विनी गुरांना पाणी पाजून आली, तिनं बटण दाबलं, आणि नकाशा जिथं सोडला होता तिथंच उघडला.

तेव्हा भाभींनी तिला सांगितलं, "एसएमपीएस मी उगाच बदलला. पहिला चांगला होता. डबा बघत बसले, बाकीचं बघितलंच न्हाई. तुला दोन खेपा माझ्यामुळं पडल्या."

मग त्या गिरणीत गेल्या. "मामा, गिरणी एवढी हालती कशी?"

"तीस वर्सं हालतीया," गेनबा जरा घुश्शात म्हणाले.

पण हनुमंतनं पाना आणून खालचे बोल्ट बघितले. चारातले दोन हातानं फिरत होते. ते आवळल्यावर धडधड निम्म्यावर आली, आणि गेनबा बराच वेळ गिरणीवर हात ठेवून उभे राहिले.

दुपारची एसटी आली नाही. हनुमंतनं टेम्पो काढला. धरण संपल्यावर तो म्हणाला,

"भाभी, म्या त्या शिवऱ्यावाल्याचं ऐकून बोललो."

"इचारावं चार ठिकाणी," भाभी म्हणाल्या. "मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पन त्या रागानंच तिथवर आले, न्हाईतर फोनवरच आणिक आठ दिवस घालवले असते."

दुकानात दिलावरभाईंना त्यांनी सगळं सांगितलं, वाकळीसकट. "जागाच होती तर," ते म्हणाले आणि त्यांनी पुढं काही ताणलं नाही. भाभींनी तो काढलेला एसएमपीएस तपासून, वापरलेला आहे हे स्पष्ट सांगून, एका शाळेच्या बंद पडलेल्या मशीनला बसवला. आता कुणी बिघडलेलं मशीन आणलं की त्या माऊस, कीबोर्ड आणि घरची वायरही मागतात. लोक कुरकुरतात, पण आणतात.

अश्विनीचं हातातलं काम फेब्रुवारीत पुरं झालं. सध्या ती वेल्ह्याच्या बाजूच्या गावांचे नकाशे काढते आहे.