शिवराजचा चौथा फाउल

तिसऱ्या क्वार्टरला सहा मिनिटं बाकी होती. रेफ्रीची शिट्टी वाजली, शिवराजने मुकाट्याने हात वर केला. बिराजदार सरांनी कोर्टवरची नजर न काढता मला विचारलं, "शिवराज किती?"

मी चार बोटं वर केली.

खरा आकडा तीन होता. मांडीवरच्या वहीत शिवराजच्या नावापुढे तीनच रेघा होत्या. माझ्याकडून मोजण्यात चूक झाली नव्हती.

बास्केटबॉल न खेळलेल्यांसाठी थोडं सांगतो. एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तो त्या सामन्यातून बाद. मग त्याला परत येता येत नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तीन फाउल झालेल्या खेळाडूला कोच सहसा खेळू देतात. चार झाले की लगेच बेंचवर बसवतात आणि शेवटच्या काही मिनिटांसाठी राखून ठेवतात. म्हणजे माझ्या एका जास्तीच्या बोटाने शिवराज बाहेर येणार होता आणि त्याच्या जागी अमोल आत जाणार होता.

स्कोअररच्या टेबलावरून प्रत्येक फाउलला आकड्याची पाटी वर करतात. पण ती दोन-तीन सेकंदांत खाली जाते आणि बिराजदार सर तेवढ्या वेळात रेफ्रीशी वाद घालत असतात. म्हणून फाउल आणि टाइमआउट मोजायचं काम माझ्याकडे होतं.

आमचं कॉलेज औसा तालुक्यातलं, लहान. सिमेंटचं एक मैदान, त्याची एक रिंग थोडी पुढे झुकलेली. तरी सलग चार वर्षं आम्ही झोन जिंकून नांदेडला विद्यापीठाची इंटरझोनल स्पर्धा खेळायला जात होतो. मोठ्या कॉलेजांचे लोक विचारायचे, तुम्ही नेमकं करता काय? खरं सांगायचं तर आम्ही तिघं होतो आणि तिघांची कामं ठरलेली होती. बिराजदार सर हेड कोच, त्यांनी खेळ बघायचा. मी गणित शिकवतो, मी आकडे बघायचे. आणि प्रयोगशाळेतले खाजाभाई, त्यांनी मुलांचे पाय बघायचे. कुणाचा घोटा सुजलाय, कोण लंगडतंय, कुणाला पट्टी बांधायची, हे त्यांना डॉक्टरच्या आधी कळायचं. सामना चालू असताना एकाने दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही, हा आमचा नियम होता. सरांनी माझ्या वहीत कधी डोकावून बघितलं नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आता मी असं का केलं ते सांगतो.

हा सामना म्हणजे इंटरझोनलची फायनल. त्या दिवशी सकाळी मैदानाबाहेरच्या टपरीवर निवड समितीतले एक ओळखीचे सर भेटले. इंटरझोनल संपली की तिथेच विद्यापीठाचा संघ निवडतात. विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलाला ब्लेझर मिळतो. आमच्या भागात तो ब्लेझर मुलं लग्नातसुद्धा घालतात. चहा पिता पिता ते सर म्हणाले, "तुमच्याकडं दोन सेंटर हायत. पण आम्ही तुमचा एकच घेणार बरं का. बाकीची कॉलेजं बोंब मारतेत."

सेंटर म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू. आमचे दोन म्हणजे शिवराज आणि अमोल.

शिवराज कॅप्टन. शेवटचं वर्ष. आदल्या वर्षी राखीव यादीत राहून त्याचा ब्लेझर हुकला होता. त्याला बिराजदार सरांनी घडवलं होतं. अमोल मी आणलेला. इस्लापूरला एका नातेवाइकांकडे गेलो असताना शाळेच्या पटांगणावर व्हॉलीबॉल खेळताना दिसला, सहा फूट तीन इंच. त्याच्या वडिलांना मी शब्द दिला होता की दोन वर्षांत पोरगा विद्यापीठाकडून खेळेल. दोन वर्षं होत आली होती. दिवाळीत वडील कॉलेजात आले आणि उभ्या उभ्याच बोलले.

"सर, औंदा नाव निघालं तर ऱ्हाऊ द्या. न्हाईतर मी घेऊन जातो. घरी बी माणूस लागतंय."

"निघेल, निघेल," मी म्हणालो.

अमोल गेला असता तर मला वाईट वाटलं असतं, हे खरं. पण त्याहून जास्त मला हे सलत होतं की कॉलेजातली सगळी नावाजलेली मुलं सरांची होती आणि माझं असं एकही नव्हतं. हे त्या दिवशी मी स्वतःशी कबूल केलं नाही. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की शिवराजचा घोटा सकाळी थोडा सुजलाय, त्याला जपलं पाहिजे. घोट्याचं खातं खाजाभाईंचं होतं आणि खाजाभाईंनी तो ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं.

तर मी चार बोटं वर केली आणि सरांनी सब्स्टिट्यूशन मागितलं.

शिवराज धापा टाकत बेंचकडे आला. "सर, तीनच झालेत ना?"

"चार झालेत," बिराजदार सर म्हणाले.

"न्हाई सर, तीन. पहिल्यात एक, मग एक, अन् हा."

"सूर्यवंशी सर चार म्हणतेत. गणिताचे सर हायत ते, तू काय मोजून राहिला? बस गप."

शिवराजने माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं.

खाजाभाई त्याला पाण्याची बाटली देऊन माझ्या कानाशी वाकले. "सर, तीनीच हुए ना? मला बी तीनच वाटले."

"तुम्ही पाय बघा, खाजाभाई."

बारा वर्षांत मी त्यांच्याशी असं बोललो नव्हतो.

अमोल चांगला खेळला. समितीचे पाच जण समोर शामियान्यात बसले होते. अमोलने रिंगवरून उसळलेले दोन रिबाउंड घेतले आणि एक शॉट इतका सुंदर अडवला की समोरच्या नांदेडच्या संघातल्या मुलांनीही टाळ्या वाजवल्या. समितीतल्या एकाने शेजारच्याला काहीतरी सांगितलं आणि कागदावर लिहिलं. मी ते बघत होतो. कोर्टवर काय चाललंय यापेक्षा मी शामियान्याकडेच जास्त बघत होतो.

चूक दुरुस्त करायला माझ्याकडे भरपूर वेळ होता. "सर, माझं चुकलं, तीनच आहेत" एवढं एक वाक्य. मी ते मनात तीन-चारदा म्हणून बघितलं.

चौथ्या क्वार्टरला पाच मिनिटं उरली तेव्हा आम्ही तीन गुणांनी मागे होतो. सर माझ्याकडे वळले. "घालू का शिवराजला?"

"अमोल चांगला चाललाय, सर. अजून थांबा."

खोटं बोलण्याची ही दुसरी खेप. या वेळी मी आकडा सांगितला नव्हता, मत दिलं होतं, पण सरांना ते पहिल्या आकड्यामुळेच पटलं.

दोन मिनिटं राहिल्यावर सरांना धीर निघाला नाही. त्यांनी शिवराजला आत पाठवलं. जाताना ते त्याला म्हणाले, "हात लावायचा न्हाई कुणाला. एक फाउल अन् तू घरी."

शिवराजने आत जाताच एक बास्केट केली. मग दुसरी. आम्ही एका गुणाने पुढे गेलो. शेवटच्या अर्ध्या मिनिटात नांदेडचा गार्ड बॉल घेऊन सरळ रिंगकडे घुसला. शिवराज आडवा गेला आणि शिट्टी वाजली. फाउल.

बिराजदार सरांनी कपाळाला हात लावला. "गेला पोरगा. अमोल, चल, ऊठ."

अमोल उठून टेबलापाशी गेला. तेवढ्यात टेबलावरची पाटी वर झाली. पाटीवर चार होता.

रेफ्रीने शिवराजला बाहेर जायला सांगितलं नाही. शिवराजही हलला नाही. तो जागेवर उभा राहून बेंचकडे बघत होता. सर आधी पाटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले.

"सूर्यवंशी?"

"माझं मोजायला चुकलं, सर," मी म्हणालो.

सरांनी अमोलला परत बसायची खूण केली. त्यांच्या गार्डने दोनपैकी एक फ्री थ्रो घातला, सामना बरोबरीत आला. शेवटच्या सेकंदांत शिवराजने रिबाउंड घेऊन बॉल बाहेर दिला आणि आमच्या दुसऱ्या मुलाने तो रिंगमध्ये टाकला. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. मुलांनी सरांना खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर सर माझ्याजवळ आले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. माणूस हाय, चुकतं एखाद्या वेळेस."

जी चूक माझ्या हातून झालीच नव्हती, तिची मला माफी मिळाली होती.

तासाभराने संघ जाहीर झाला. अमोलचं नाव सातवं होतं. शिवराज राखीव. समितीतले ओळखीचे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या कॅप्टनला ऐन वेळी तुम्हीच बाहेर बसवलात. आम्ही काय समजायचं? काहीतरी दुखतंय असं वाटलं."

परतीच्या गाडीत मुलं अहमदपूरपर्यंत गात होती. शिवराजही गात होता. मी अमोलच्या वडिलांना फोन केला. "लई उपकार झाले, सर," ते म्हणाले. मी फोन लवकर ठेवला.

तीन आठवडे मी काही बोललो नाही. मग एके दिवशी स्टाफरूममध्ये बिराजदार सर एकटेच पेपर तपासत होते. मी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. ते ओरडतील अशी माझी अपेक्षा होती, कदाचित इच्छाही.

"पोराला सांगितलं?"

"नाही."

"मग मला काय सांगून राहिले तुम्ही?"

एवढंच बोलून त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुढचा पेपर घेतला.

शिवराज तेव्हा लातूरला खोली करून पोलीस भरतीची तयारी करत होता. सकाळी धावून आला की तो बसस्टँडसमोर एका मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचा. मी तिथे गेलो. गिऱ्हाईक होतं, मी थांबलो. मग सांगितलं. तो मशीनमध्ये कागद भरत राहिला.

"मला तवाच माहीत होतं, सर. आपले फाउल आपल्याला माहीत असतेत."

"मग जोरात का बोलला नाहीस? टेबलावर विचारता आलं असतं."

"विचारलं असतं. पण मला वाटलं, तुमचं काहीतरी असंल. सर लोकांचा काहीतरी प्लॅन असतो ना." त्याने मशीनचं झाकण लावलं. "मी बाहेर बसून तुमचा प्लॅन काय हाय तेच शोधत होतो."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"ते ऱ्हाऊ द्या, सर. माफीबिफी नको. अमोलला सांगितलं का?"

"त्याला कशाला? त्याचा काय दोष?"

"दोष न्हाई, म्हणूनच. माझं मला माहीत हाय. त्याचं त्याला माहीत नको का?"

मी बसस्टँडवर येऊन फोन लावला. अमोल विद्यापीठाच्या कॅम्पवरून नुकताच परतला होता, आवाजात उत्साह होता. मी बोलत गेलो तसा पलीकडचा आवाज बंद झाला. मला वाटलं फोन कटला.

"हॅलो? अमोल?"

"हाव सर. ऐकून राहिलो. म्हणजे शिवराजदादा आत असता तर मी निघालो नसतो?"

"ते सांगता येत नाही. तू चांगला खेळलास."

"सांगता येत न्हाई म्हणजे काय, सर? तुम्ही तर गणिताचे."

त्याने "ठेवतो सर" म्हणून फोन ठेवला.

अमोल आजही खेळतो. मागच्या महिन्यात त्याने मला न विचारता ब्लेझर शिवराजच्या खोलीवर नेला. शिवराजने तो घेतला नाही आणि दोघं मिळून हॉटेलात जेवले, असं मला खाजाभाईंकडून कळलं. माझ्याशी दोघंही नीट बोलतात. पूर्वी ते कुठलीही अडचण आली की आधी माझ्याकडे यायचे, तसे आता येत नाहीत.

कॉलेजने मला काढलं नाही. बिराजदार सरांनी हे वर जाऊ दिलं नाही. त्यांनी फक्त कामांची अदलाबदल केली. आता फाउल खाजाभाई मोजतात आणि क्रेप बँडेजची पिशवी माझ्याकडे आहे. पट्टी बांधायला मी हळूहळू शिकतोय. पहिल्या सामन्यात एकाला इतकी घट्ट बांधली की खाजाभाईंना ती सोडून परत बांधावी लागली.

लातूरला नव्या क्रीडा शिक्षकांचं एक शिबिर असतं. यंदा तिथे असिस्टंट कोचच्या कामावर बोलायला मला बोलावलं. मी हा प्रसंग सांगितला, नाव माझंच ठेवून. शेवटी एकाने विचारलं, "मग सर, यातून आम्ही काय घ्यायचं?"

मी सांगितलं, हेड कोचने आकडा विचारला की आकडा द्या. मत विचारलं तर मत द्या, हवं तर भांडूनही द्या. पण आकड्यात मत मिसळून देऊ नका. ते वेगळं करायला समोरच्याकडे काहीच साधन नसतं.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग चहाची सुट्टी झाली.