आणखी दोन शब्द, ताई

मनवेलपाड्यात लोकशाही टिकून आहे ती आमच्या तळमजल्यावरच्या काकांमुळे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. बाकीचे आम्ही निवडणुकीला बोटावर शाई लावून घेतो आणि पुढची पाच वर्षं नळाला पाणी नाही म्हणून शिव्या देतो. काका तसले नव्हेत. नगरसेविका ताईंचा नागरिक संवाद असो, हळदीकुंकू असो, नाहीतर मोफत चष्म्यांचं शिबिर, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून काका पहिल्या रांगेत हजर. लेकीचा वाढदिवस एखाद वेळी विसरतील, पण ताईंचा नाही.

त्यांचा हट्ट एकच, कार्यक्रम आमच्या गेटसमोरच झाला पाहिजे. मागच्या गल्लीत चांगलं मैदान आहे. पण "मैदानात कोण येतंय ताई? लोकांच्या दारात या," असं सांगून दर वेळी तो मांडव, ते कानठळ्या बसवणारे स्पीकर आणि नंतर महिनाभर सापडणारे चहाचे कप ते आमच्या माथी मारायचे. लोक त्यांना तोंडावर काका आणि पाठीमागे ताईंचा चमचा म्हणत. बरं, भाषण आटोपत आलं, मंडळी वडापावाच्या वासाने चुळबुळायला लागली, की हे गृहस्थ उठून हात जोडणार, "ताई, आणखी दोन शब्द." आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालं. पुढे अर्धा तास ताई आणि वर पंखाही नाही.

आता आमच्या गेटसमोरच्या गटाराचं सांगायला हवं. रुंद करायचं म्हणून ते फोडलं आणि वर स्लॅब टाकायचा राहून गेला. आम्ही पदरमोड करून फळ्या टाकल्या, तर पालिकेची गाडी येऊन त्या अतिक्रमण म्हणून उचलून घेऊन गेली. गटार उघडं ठेवणं हे अतिक्रमण नव्हे, झाकणं हे अतिक्रमण. तेव्हापासून आम्ही उड्या मारतो. साठी उलटलेली माणसंही आता बऱ्यापैकी मारतात. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या काय मारणार? दवाखान्यात न्यायचं असलं की आम्ही चौघं त्यांना खुर्चीसकट पलीकडे ठेवतो. पण मेथीच्या जुडीसाठी चार पुरुषांना कोण हाक मारील? काकांनी तक्रारी करून पाहिल्या. त्या सगळ्या "निकाली निघाल्या", असं पालिकेनेच कळवलं.

मागच्या संवादाला मांडववाल्यांना घाई होती, त्यांना दुसरीकडेही मांडव घालायचा होता. ताईंचं भाषण चक्क वेळेत संपलं आणि "आणखी दोन शब्द" त्यांनी हसून टाळले. ताईंच्या साडीला चिखल लागू नये म्हणून गटारावर फळ्या अंथरलेल्या असतात, त्यांच्याकडे मांडववाले वळले तसा काकांचा चेहरा पडला. त्यांनी माइक ओढला आणि आभारप्रदर्शन सुरू केलं. आभार संपेपर्यंत मांडवाला हात लावायचा नाही, एवढी रीत मांडववालेही पाळतात. काकांनी ताईंचे आभार मानले, ताईंच्या सासूबाईंचे मानले, वीज गेली नाही म्हणून विजेच्या ऑफिसचे मानले, जे आले नाहीत त्यांचेही मानले. "आता कुत्र्यांचे मानेल हा माणूस," आमचे सेक्रेटरी माझ्या कानाशी पुटपुटले. आणि मध्ये भुंकली नाहीत म्हणून काकांनी खरोखरच कुत्र्यांचे मानले. मी कपाळावर हात मारला.

एवढ्यात कोपऱ्यावरून काकू आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. होळी गावची भाजीवाली बाजारात बसते, तिच्याकडची ताजी मेथी पिशवीतून डोकावत होती. फळ्यांवरून जपून पावलं टाकत त्या गेटात शिरल्या, "इतका वेळ काय बोलत होता हो?" म्हणाल्या आणि घरात गेल्या. "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," काकांनी माइक ठेवला.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. "अरे, मी आणलेली वांगी किडकी निघतात म्हणते," काका मला खुर्च्यांच्या आडोशाला सांगत होते. "आणि बाजारात चार बायका भेटतात तिला. घरात माझ्याशी किती बोलणार?" ताईंनीही काकूंना येताना पाहिलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे स्लॅब जाहीर केला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि पाठोपाठ आचारसंहिता लागली.

आता कामं बंद, मांडव बंद, म्हणून फळ्याही बंद. संध्याकाळी काका गेटाच्या आत दोन खुर्च्या टाकतात आणि दोघं गटारापलीकडचा रस्ता बघत बसतात. काल उडी मारून आत आलो आणि सवयीने विचारलं, "काय काका, या खेपेला कोण येणार?"

"कुणीही येऊ दे रे. जो येईल तो आभाराची सभा तर घेईल ना, इथे गेटसमोर?"

"चांगला लांबलचक बोलणारा येऊ दे म्हणजे झालं," काकू म्हणाल्या. "मला जूचंद्रला बहिणीकडे जाऊन यायचंय."